‘ही इज हिटिंग ऑन मी’ : मार, छळ आणि फसवणुकीची इंग्रजी क्रियापदं शिकताना

क्रूझ जहाजावर हाउसकीपिंगला लागून मला चार महिने झाले होते. सोळा केबिनी माझ्याकडे, सोळा शेजारच्या पोराकडे. पण चादरीवरची सुरकुती सुपरवायझरला दिसायची ती माझ्याच पलंगावरची. एक दिवस त्याने टॉवेलांची ट्रॉली सगळ्यांसमोर माझ्या अंगावर ढकलली. त्या रात्री बंकवर पडल्या पडल्या मी एक वाक्य पाठ केलं आणि सकाळी क्रू ऑफिसात जाऊन म्हणून दाखवलं : ‘मॅडम, ही इज हिटिंग ऑन मी.’ मला म्हणायचं होतं, हा माणूस हात धुऊन माझ्या मागे लागलाय. मॅडमनी चष्मा काढला, उठून दार लावलं आणि कपाटातून भलताच फॉर्म काढला.

‘हिट ऑन’ म्हणजे लगट करणं, लाइन मारणं, हे मला पाऊण तासाने कळलं. तोवर फॉर्मचं एक पान भरून झालं होतं. मला हवं होतं ते ‘पिक ऑन’.

त्यानंतर आणखी दोन जहाजं केली. आता तारकर्लीला घरचाच होमस्टे आहे आणि पावसाळ्यात, खोल्या रिकाम्या असतात तेव्हा, संध्याकाळी सात-आठ मुलं पडवीत इंग्रजीला येतात. कुणी जहाजावर जाणार, कुणी गोव्याच्या हॉटेलात, एक मुलगी नर्सिंगला. ‘हाऊ मे आय हेल्प यू’ सगळ्यांना पाठ असतं. पण आपल्यालाच कुणी त्रास दिला तर ते कसं सांगायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. मी जे ठेचकाळत शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय.

हा गोंधळ फक्त आपला नाही, हे आधी सांगतो. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला. क्रियापदाला एखादा बारका शब्द जोडून अर्थ फिरवायची इंग्रजीची ही खोड परक्या माणसाला सगळ्यात जड जाते, असं त्याने प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय. तिथल्या उदाहरणांत ‘फॉल ऑन’, म्हणजे हल्ला करणं, हेही आहे. अशा जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव छापून आलं ते पार १९२५ मध्ये. म्हणजे दुखणं जुनं, बारसं उशिरा.

काय काय लागेल

- शंभर पानी वही. डावं पान मराठीला, उजवं इंग्रजीला.
- शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी डिक्शनरी. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, तिन्हींच्या लर्नर्स डिक्शनऱ्या मोबाईलवर फुकट बघता येतात. इंग्रजी-मराठी कोश जवळ असू द्या, पण दुसऱ्या नंबरला.
- मोबाईलमधला व्हॉइस रेकॉर्डर.
- रोजच्या पेपरातलं जिल्ह्याचं पान. भांडण, अपघात, फसवणूक, सगळा माल तिथे ताजा मिळतो.

‘पाचशे फ्रेजल व्हर्ब एका महिन्यात’ असली पुस्तकं नकोत. माझ्याकडे दोन होती. एक पुरात गेलं, दुसरं मीच रद्दीत दिलं.

पायरी १ : आधी आपल्या मराठीकडे बघा

इंग्रजी उघडण्याआधी वहीच्या डाव्या पानावर ही क्रियापदं लिहा : मारून टाकणं, झोडपून काढणं, उडवून लावणं, हाणून पाडणं, लुबाडून घेणं. आता सांगा, ‘झोडपून काढलं’ यात बाहेर काय काढलं? काहीच नाही. ‘काढलं’मुळे एवढंच कळतं की मार अर्ध्यावर थांबला नाही, पुरता झाला. ‘मारलं’ म्हणजे एक थप्पडही असेल. ‘मारून टाकलं’ म्हणजे माणूस गेला. एका ‘टाकलं’ने खटल्याचं कलम बदलतं.

इंग्रजीत हेच काम ‘अप’, ‘ऑन’, ‘डाउन’, ‘ऑफ’ करतात. ‘बीट’ म्हणजे मारणं, ‘बीट अप’ म्हणजे झोडपून काढणं. त्या ‘अप’चा वरच्या दिशेशी संबंध शोधू नका. होडीत सुकाणू हाताएवढं असतं, पण होडी जाते त्याच्या मनाने. इथे क्रियापद म्हणजे होडी आणि हे बारके शब्द म्हणजे सुकाणू. यादी पाठ करायची असेल तर सुकाणवांची करा. ती मोजकीच आहेत.

पायरी २ : सुकाणू ओळखा

*ऑन.* या विषयातला हा राजा. मराठीत आपण म्हणतो, माझ्यावर अन्याय झाला, माझ्यावर डाफरला, सगळे माझ्यावर तुटून पडले. तो ‘वर’ म्हणजेच हा ‘ऑन’. ज्याच्यावर बेतलं तो माणूस याच्या पुढे येतो.

‘पिक ऑन’ : कारण नसताना एकालाच धरणं. ‘ही ऑलवेज पिक्स ऑन मी.’ माझं पाऊण तासाचं वाक्य हेच असायला हवं होतं.
‘गँग अप ऑन’ : टोळकं करून एकावर उठणं.
‘टर्न ऑन’ : उलटणं. कालपर्यंत पायाशी लोळणारा कुत्रा आज मालकावर उलटला : ‘द डॉग टर्न्ड ऑन हिम.’ मराठी आणि इंग्रजी इतकं चपखल जुळलेलं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.
‘वॉक आउट ऑन’ : वाऱ्यावर सोडून जाणं. बायकापोरांना टाकून गेलेल्या माणसाबद्दल हेच वापरतात.
‘टेक इट आउट ऑन’ : वड्याचं तेल वांग्यावर काढणं. साहेबाने झापलं, घरी येऊन पोराला मारलं : ‘ही टूक इट आउट ऑन द बॉय.’

या ‘ऑन’ची सवय लागली की गंमत दिसायला लागते. वस्तूसुद्धा आपल्यावर अन्याय करू शकते. ‘माय फोन डाइड ऑन मी’ म्हणजे फोनने ऐनवेळी मला दगा दिला. फोन मेला ही बातमी. ‘ऑन मी’ म्हणजे त्यापायी मी अडकलो ही तक्रार.

*अप* म्हणजे पुरेपूर. ‘बीट अप’ झालंच. ‘रफ अप’ म्हणजे धक्काबुक्की, थोडे हात चालवणं. मारामारीच्या गटात ‘अप’ दिसला की काम अर्धवट सोडलेलं नाही असं धरा.

*डाउन* म्हणजे उतरवणं. ‘पुट डाउन’ला मराठी शब्द पाणउतारा, त्यात ‘उतारा’ आधीच बसलाय. ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणं. ‘लेट डाउन’ म्हणजे तोंडघशी पाडणं : कोळंबी आणून देतो म्हणाला, पाहुणे ताटावर बसले तरी त्याचा पत्ता नाही, ‘ही लेट मी डाउन.’

*ऑफ* म्हणजे तोडणं, झटकणं. ‘रिप ऑफ’ म्हणजे अव्वाच्या सव्वा पैसे उकळणं, टोपी घालणं. ‘फॉब ऑफ’ म्हणजे वाटाण्याच्या अक्षता लावणं. एका सरकारी खिडकीवर मी होमस्टेच्या एका कागदासाठी सहा खेपा घातल्या, प्रत्येक वेळी ‘साहेब मीटिंगला आहेत, सोमवारी या’. ‘दे केप्ट फॉबिंग मी ऑफ.’ हे क्रियापद मला एका म्हाताऱ्या ब्रिटिश पाहुण्याने शिकवलं. माझी कथा ऐकून तो म्हणाला की त्याच्या गावातही खिडकी आहे.

*अराउंड* म्हणजे नाचवणं. ‘पुश अराउंड’ म्हणजे दादागिरी, ‘बॉस अराउंड’ म्हणजे बसल्या जागेवरून हुकूम सोडणं. ब्रिटिश माणूस इथे ‘अबाउट’ही म्हणतो.

*ॲट* म्हणजे नेम. हे व्याकरणाच्या काटेकोर हिशेबात फ्रेजल व्हर्बमध्ये बसत नाही, पण शिकायलाच हवं. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याच्याकडे फेक, तो झेलेल. ‘थ्रो द बॉल ॲट हिम’ म्हणजे त्याला मार. ‘शाऊट टू’ म्हणजे लांबच्या माणसाला हाक घालणं, जशी आपण बंदरावरून होडीला घालतो. ‘शाऊट ॲट’ म्हणजे खेकसणं. ‘टू’ म्हणजे -कडे, ‘ॲट’ म्हणजे -वर. एका अक्षरावरून भांडण.

पायरी ३ : मार खाणारा कुठे बसतो

मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती इथे. एक सूचना आधीच : इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. हे विसरलात तर पुढची वाक्यं उलटी वाचाल.

नाम असेल तर ‘दे बीट अप द ड्रायव्हर’ चालतं आणि ‘दे बीट द ड्रायव्हर अप’ही चालतं. पण सर्वनाम आलं, म्हणजे मी, हिम, हर, देम, की ते मध्येच : ‘दे बीट हिम अप.’ ‘दे बीट अप हिम’ असं कुणी म्हणत नाही.

मग ‘पिक ऑन हिम’ कसं? तिथे ‘हिम’ मागे आहे. मी वहीत एक ढोबळ नियम लिहून ठेवलाय आणि पडवीत तोच शिकवतो : ‘वर’ या अर्थाचा ऑन असेल तर मार खाणारा ऑनच्या मागे, अप, डाउन, ऑफ, अराउंड असेल तर तो मध्ये. पिक ऑन मी, टर्न्ड ऑन मी, गँग्ड अप ऑन मी. पण बीट मी अप, लेट मी डाउन, रिप्ड मी ऑफ, पुश्ड मी अराउंड. ‘लुक डाउन ऑन’मध्ये दोन्ही आहेत, शेवटी ऑन आहे, म्हणून माणूस त्याच्या मागे.

अपवाद आहेत. ‘लीड ऑन’ म्हणजे खोट्या आशेला लावणं. तिथला ऑन ‘वर’ नव्हे, ‘पुढे पुढे’ आहे, म्हणून ‘ही लेड हर ऑन’. आणि सर्वनामाची जागा चुकली तर नुसतं व्याकरण बिघडतं असं समजू नका. ‘शी टर्न्ड ऑन मी’ म्हणजे ती माझ्यावर उलटली. ‘शी टर्न्ड मी ऑन’ म्हणजे तिने माझ्या वासना चाळवल्या. हेच शब्द, फक्त ‘मी’ची खुर्ची बदलली. माझ्या त्या फॉर्मवाल्या मॅडमसमोर हे निघालं नाही याबद्दल मी रामेश्वराला नारळ दिलाय.

डिक्शनरी ही जागा दाखवते. लर्नर्स डिक्शनरीत क्रियापद बघताना ‘समबडी’ हा शब्द कुठे बसवलाय ते बघा. ऑक्सफर्ड आणि लाँगमनमध्ये त्याच्याजवळ दोन्हीकडे टोक असलेला आडवा बाण असेल, तर नाम मध्येही बसतं आणि मागेही. बाण नसेल तर जागा पक्की. अर्थ पाहून डिक्शनरी मिटू नका. बाण हीच खरी माहिती.

पायरी ४ : घावाचं वजन जोखा

नवशिका एकतर सगळ्याला ‘टॉर्चर’ म्हणतो, नाहीतर सगळ्याला ‘प्रॉब्लेम’. दोन्हीने ऐकणारा फसतो. मारामारीची चढण अशी : पुश अराउंड (दमदाटी), रफ अप (धक्काबुक्की), बीट अप (जबर मार), डू इन किंवा बम्प ऑफ (जिवे मारणं, काटा काढणं). शेवटची दोन बोलीतली आहेत, अर्जात शोभत नाहीत. आणि ‘आय ॲम डन इन’ म्हणजे मला कुणी मारलेलं नाही, मी दमून गळपटलोय.

फसवणुकीची शिडी जास्त रंगतदार. हापूसवरूनच सांगतो. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसह पाच जिल्ह्यांचं. तरी शहरात दर मोसमात ‘देवगड’ छापलेल्या खोक्यातून परराज्यातला आंबा विकला जातोच. खोटं नाव लावून माल खपवणं म्हणजे ‘पास ऑफ’ : ‘ही पास्ड देम ऑफ ॲज देवगड हापूस.’ नको असलेला माल गळ्यात मारणं म्हणजे ‘पाम ऑफ’ : ‘ही पाम्ड देम ऑफ ऑन मी.’ इथे नियम बघा, आंबे मध्ये आणि गळा ज्याचा तो ऑनच्या मागे. डझनाला दुप्पट भाव लावला तर ‘रिप ऑफ’. गिऱ्हाइकाने विश्वास ठेवला तर ‘ही वॉज टेकन इन’, तो फसला. आणि बागायतदाराच्या हक्काचे पैसे दलालाने मधल्या मध्ये बुडवले तर ‘डू आउट ऑफ’ : ‘ही डिड मी आउट ऑफ माय मनी.’ एका खोक्यात पाच क्रियापदं झाली. मुलं हा तास विसरत नाहीत, कारण त्या दिवशी मी खरंच दोन आंबे आणून ठेवतो आणि ओळखायला लावतो.

समुद्राकडेही बघा. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हा दोरीला सगळा वाडा लागतो. वाळूत टाच रोवून मागे मागे सरायचं, पाठीला दोर घासतो, आणि जाळं काठाला येईपर्यंत आत काय आहे ते कुणाला ठाऊक नसतं. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या गोल जाळ्याच्या यांत्रिक बोटीवाले, खोल पाण्यात माशांचा अख्खा थवाच वेढून नेतात, मग रापणीत येतात चार मांदेली. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, वाद अजून मिटलेला नाही. आमच्या वर्गातला एक रापणकराचा मुलगा यावर इंग्रजीत बोलला, तेव्हा त्याला दोन क्रियापदं लागली : ‘क्लीन आउट’, पार धुऊन नेणं, आणि ‘स्क्वीझ आउट’, चेपून चेपून धंद्याबाहेर घालवणं. ‘दे क्लीन आउट द सी अँड स्क्वीझ अस आउट.’ मी त्यात एकही दुरुस्ती केली नाही.

पायरी ५ : हे सापळे टाळा

‘हिट ऑन’ सांगून झालं. त्याचा सख्खा भाऊ ‘चीट ऑन’. दुकानदाराने फसवलं तर ‘ही चीटेड मी’. ‘ही चीटेड ऑन मी’ म्हटलंत, तर त्या दुकानदाराशी तुमचं लफडं होतं आणि त्याने दुसरी गाठली, असा अर्थ होतो. आपण ‘वर’ लावायला शिकलो की उत्साहात सगळीकडे लावतो, तिथे हे होतं.

‘स्टँड अप’ तिहेरी आहे. ‘शी स्टूड मी अप’ : भेटायला बोलावून आलीच नाही. ‘शी स्टूड अप फॉर मी’ : माझ्या बाजूने उभी राहिली. ‘शी स्टूड अप टू मी’ : माझ्यासमोर ताठ उभी राहिली, मला जुमानलं नाही. म्हणजे शेवटच्या वाक्यात दादागिरी करणारा मीच.

‘पुट डाउन’ माणसाबद्दल असेल तर पाणउतारा, जनावराबद्दल असेल तर औषध देऊन मारणं. ‘द व्हेट पुट द डॉग डाउन’ ऐकून ‘कुत्र्याला काय बोलला?’ असं मी एका बाईंना हसत विचारलं होतं. त्या रडत होत्या.

‘डू ओव्हर’ ब्रिटिश तोंडी बडवून काढणं, अमेरिकन तोंडी काम पुन्हा करणं. ‘नॉक अप’ जुन्या ब्रिटिशाच्या तोंडी दार ठोठावून उठवणं. पण बोली इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ पोरीला गरोदर करणं असा आहे. पाहुण्याला ‘आय विल नॉक यू अप ॲट सिक्स’ सांगू नका. ‘वेक यू अप’ म्हणा आणि सुटा.

‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली चिरडणं, ‘नॉक डाउन’ म्हणजे धडक देऊन पाडणं. मुंबई-गोवा हायवेला लागून घर असेल तर दोन्ही लागतील. ‘रन इन्टू’ म्हणजे गाडी आदळणं, पण माणूस माणसाला ‘रॅन इन्टू’ झाला तर ती नुसती अवचित भेट. आणि ‘टेल ऑफ’ म्हणजे खरडपट्टी, ‘टेल ऑन’ म्हणजे चहाडी. ‘माय टीचर टोल्ड मी ऑफ बिकॉज माय ब्रदर टोल्ड ऑन मी’, हे वाक्य प्रत्येक घरात रोज घडतं.

पायरी ६ : शेपूट गिळू नका

आपल्यावर काही झालं की वाक्य कर्मणी होतं : ‘आय वॉज पिक्ड ऑन’, ‘आय गॉट रिप्ड ऑफ’, ‘आय गॉट बीटन अप’, ‘आय फेल्ट लेट डाउन’. मागे काही उरत नाही म्हणून मुलं शेवटचा बारका शब्द गिळतात. मग ‘आय वॉज पिक्ड’ म्हणजे माझी निवड झाली, अभिनंदन. ‘वी वेअर बीटन’ म्हणजे बहुधा कबड्डीत हरलो.

ही वाक्यं मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. ‘दे बीट हिम अप’मध्ये जोर ‘अप’वर पडतो, ‘ही पिक्स ऑन मी’मध्ये ‘पिक्स’वर. तुमचा ‘अप’ ऐकू आला नाही तर समोरच्यालाही आला नसेल.

पायरी ७ : लेखी तक्रारीत ही क्रियापदं बदला

फ्रेजल व्हर्ब तोंडी बोलायला. कागदावर तोच प्रकार जड कपड्यात जातो. ‘बीट मी अप’चं ‘असॉल्टेड मी’. ‘पिक्स ऑन मी’ आणि ‘पुशेस मी अराउंड’चं ‘हॅरॅसेस’ किंवा ‘बुलीज’. ‘पुट मी डाउन’चं ‘ह्युमिलिएटेड मी इन फ्रंट ऑफ अदर्स’. ‘रिप्ड ऑफ’चं ‘ओव्हरचार्ज्ड’. वहीच्या उजव्या पानावर प्रत्येक क्रियापदाखाली त्याचा हा कागदी अवतार लिहा.

मांडणी मात्र मी गाऱ्हाण्याची घेतो. देवळात गावकार गाऱ्हाणं घालतो तेव्हा आधी देवाला हाक, मग हा कोण, कुठला, याच्यावर काय बेतलंय, आणि शेवटी याचं काय व्हावं. मागून सगळे ‘व्हय म्हाराजा’. तक्रारही तशीच : कुणाला लिहिताय, तुम्ही कोण, कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे, कोण काय म्हणालं किंवा कुणी काय केलं, कुणी पाहिलं, आणि तुम्हाला काय हवंय. ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे म्हणजे साक्षीदार. त्यांची नावं घाला. शिवी दिली असेल तर ती जशीच्या तशी लिहा, ‘बॅड वर्ड्स’ असं गुळमुळीत नको.

जहाजावर जाणाऱ्यांनी हे माहीत करून घ्याच. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ हा आंतरराष्ट्रीय करार २० ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार जहाजावरच तक्रारीची ठरलेली पद्धत असावी लागते, तिची प्रत नोकरीच्या करारासोबत तुम्हाला मिळायला हवी, सोबत कुणाला तरी न्यायची मुभा असते, गरज पडली तर थेट कॅप्टनकडे जाता येतं, आणि तक्रार केली म्हणून छळणं निषिद्ध आहे. केबिन आवरणारा आणि भांडी घासणाराही यात खलाशीच धरला जातो. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. प्रत माझ्या बॅगेच्या तळाशी, आईने दिलेल्या कुळथाच्या पिठाच्या पिशवीखाली होती.

हॉटेलात लागणाऱ्या मुलींसाठी : दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असावीच लागते, आणि लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. ‘हिट ऑन’ हे क्रियापद त्यांना खरोखरच लागू शकतं, म्हणून ते लाजून गाळू नका. आणि आपल्याच जिल्ह्यात पोलिसांकडे जायची वेळ आली तर इंग्रजीच्या नादी लागू नका, सरळ मराठीत सांगा.

पायरी ८ : रोजचा सराव

रात्री पंधरा मिनिटं. पेपरातली भांडणाची किंवा फसवणुकीची एक बातमी घ्या. डाव्या पानावर तिचा गाभा एका मराठी वाक्यात, तोंडात असेल त्याच भाषेत. मालवणी असेल तर मालवणीत. ‘तेणी माका फसवल्यान.’ मग विचारा : सुकाणू कोणतं? मार खाणारा मध्ये की मागे? मग उजवं पान. दिवसाला एक, जास्त नाही. जुनी वाक्यं रविवारी डावं पान झाकून आणि उजवं झाकून, दोन्हीकडून म्हणा.

वहीची शेवटची चार पानं राखून ठेवा, तिथे परतफेडीची क्रियापदं जातात. ‘पुट अप विथ’, सोसणं : ‘आय वोन्ट पुट अप विथ इट.’ ‘गेट अवे विथ’, करून सवरून सहीसलामत सुटणं. ‘हिट बॅक’, उलट ठोसा, शब्दाचा किंवा हाताचा. आणि ‘स्टँड अप टू’. ही मी शेवटी शिकवतो. आधी शिकवली तर पोरं सोसण्याची पानं कोरी ठेवतात.

गेल्या पावसाळ्यातली एक मुलगी आता गोव्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनला आहे. मागच्या महिन्यात रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला. बरोबरचा एक मुलगा स्वतःचं काम तिच्या अंगावर टाकून हुकूम सोडायचा. ‘काका, आज बोललंय मी तेका. स्टॉप बॉसिंग मी अराउंड म्हटलंय.’ मी उलट विचारलं, ‘मी’ कुठे ठेवलास? मिनिटभर काहीच आलं नाही. मग आलं : ‘मध्ये, काका. मध्येच ठेवलंय.’